एसीसीएचा अनुभव मंजूर करून घेताना: ३६ महिने, ९ पीओ आणि सहीचा योग्य माणूस

एसीसीए म्हणजे असोसिएशन ऑफ चार्टर्ड सर्टिफाइड अकाउंटंट्स, ब्रिटनमधली अकाउंटंटची संस्था. तिचे सगळे पेपर सुटले, एथिक्स अँड प्रोफेशनल स्किल्स मॉड्यूलही झालं, तरी नावापुढे एसीसीए लावता येत नाही, अशा अवस्थेत पुण्या-मुंबईतली कितीतरी मुलं-मुली वर्ष-दोन वर्षं अडकून राहतात. संस्थेच्या लेखी ती ‘ॲफिलिएट’ असतात, सदस्य नव्हे. अडतं ते तिसऱ्या अटीपाशी: कामाचा अनुभव, म्हणजेच प्रॅक्टिकल एक्सपीरियन्स रिक्वायरमेंट. सगळे तिला पीईआर म्हणतात.

अनुभव नसतो म्हणून कोणी अडकतं असं क्वचित होतं. चुकतो तो क्रम. आधी पीओ (ठरवून दिलेली कामगिरीची उद्दिष्टं) लिहून काढायचे, मग सही कोण करेल ते शोधायचं, आणि हे सगळं शेवटचा पेपर सुटल्यावर. तोवर पहिल्या नोकरीतले साहेब दुबईला गेलेले असतात आणि आपण काय काम केलं होतं ते आपल्यालाही नीट आठवत नसतं. पीईआर परीक्षेच्या आधी, परीक्षा चालू असताना किंवा नंतर, कधीही पूर्ण करता येते. म्हणून हा लेख शेवटच्या पेपरची वाट न पाहता, आज नोकरीत असतानाच हाताशी घ्या.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या. एसीसीएचं सदस्यत्व मिळालं म्हणून भारतात कंपनीच्या वैधानिक लेखापरीक्षणावर सही करता येत नाही. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे तो अधिकार आयसीएआयच्या (इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया) सीएंनाच आहे.

टप्पा १: महिन्यांचा हिशोब मांडा

पीईआरचे दोन भाग आहेत आणि दोन्ही वेगवेगळे मंजूर होतात. पहिला भाग वेळेचा: लेखा, वित्त, ऑडिट, कर किंवा त्यांच्याशी थेट संबंधित कामाचे ३६ महिने. दुसरा भाग कामगिरीचा: ९ परफॉर्मन्स ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे पीओ. एक झालं की दुसरं आपोआप होतं, असं नाही.

३६ महिने सलग लागत नाहीत आणि एकाच ठिकाणचेही लागत नाहीत. मात्र मोजायचं ते काम, हुद्दा नाही. पणजीतल्या एखाद्या हॉटेलात तुम्ही १२ महिने होतात, अर्धा दिवस फ्रंट ऑफिस आणि अर्धा दिवस अकाउंट्स, तर ६ महिने धरायचे. अर्धवेळ नोकरीचंही तसंच. उलट पगारपत्रकावर ‘ऑपरेशन्स असोसिएट’ लिहिलेलं असलं, पण दिवसभर खात्यांची जुळवणी आणि महिनाअखेरीच्या नोंदी हेच काम असलं, तर ते महिने पूर्ण धरता येतात. तिथे हुद्द्याच्या नावाला घाबरू नका, कामाचं वर्णन नीट लिहा.

सीए सोडून एसीसीएकडे वळलेल्यांसाठी: आर्टिकलशिपमधलं, म्हणजे सीएंकडच्या उमेदवारीतलं, ऑडिट आणि कराचं काम मोजता येतं. पण आयसीएआयचं आर्टिकलशिपचं प्रमाणपत्र हातात आहे म्हणून एसीसीएकडचा अनुभव मंजूर झाला, असं होत नाही. ज्यांच्याकडे ती उमेदवारी केली त्या तुमच्या प्रिन्सिपल सीएंनी एसीसीएच्या ऑनलाइन नोंदीत स्वतः मंजुरी द्यायला हवी.

*इथे थांबून तपासा:* प्रत्येक नोकरीची रुजू तारीख आणि शेवटची तारीख ऑफर लेटर व रिलीव्हिंग लेटरशी जुळते का? आठवणीतून तारखा टाकू नका.

टप्पा २: सहीचा माणूस आधी ठरवा

संपूर्ण प्रक्रियेतला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच, आणि बहुतेक जण तो शेवटी करतात.

पीओवर मंजुरी देणारा प्रॅक्टिकल एक्सपीरियन्स सुपरवायझर हा पात्रताधारक अकाउंटंट असावा लागतो. म्हणजे देशातल्या कायद्याने मान्य असलेला, किंवा आयफॅक या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या सदस्य संस्थेचा सदस्य. भारतातल्या आयसीएआय आणि कॉस्ट अकाउंटंटची आयसीएमएआय या दोन्ही संस्था आयफॅकच्या सदस्य आहेत. त्यामुळे सीए चालतात, सीएमए चालतात, एसीसीए सदस्य अर्थातच चालतात.

कोण चालत नाही तेही लक्षात ठेवा. वीस वर्षं फायनान्स सांभाळणारे एमबीए साहेब पीओवर सही करू शकत नाहीत. सीए इंटर झालेले सीनियर करू शकत नाहीत. कंपनी सेक्रेटरी फक्त सीएस असतील तर तेही नाहीत. कामाचा अनुभव कितीही दांडगा असला तरी इथे पाहिलं जातं ते सदस्यत्व.

पात्रता ही अर्धीच अट. उरलेली अर्धी अशी, की त्या व्यक्तीने तुमच्याबरोबर प्रत्यक्ष काम केलेलं असावं आणि तिला तुमचं काम माहीत असावं. ठाण्याचे मामा सीए आहेत, पण त्यांनी तुमचं ऑफिस कधी पाहिलेलं नाही, तर त्यांची सही घेणं म्हणजे खोटा दावा करणं.

प्रत्यक्षात तीन प्रकारची परिस्थिती असते.

*साहेब स्वतः सीए किंवा सीएमए आहेत.* सीए फर्ममध्ये बहुधा असंच असतं. एकच व्यक्ती वेळही मंजूर करते आणि पीओही. सगळ्यात सोपी वाट.

*साहेब पात्रताधारक नाहीत, पण कंपनीत दुसरं कोणी आहे.* चाकणच्या कारखान्यात प्लांट अकाउंट्सचे मॅनेजर एम.कॉम., आणि मुख्य कार्यालयातल्या फायनान्स कंट्रोलर सीए, असं चित्र नेहमीचं. तेव्हा मॅनेजर लाइन मॅनेजर (रोजचे थेट वरिष्ठ) म्हणून महिने मंजूर करतील आणि कंट्रोलर पीओ. पण त्यासाठी कंट्रोलर मॅडमना तुमचं काम दिसलं पाहिजे. महिनाअखेरीचे तक्ते त्यांच्याकडे जात असतील तर त्या मेलमध्ये तुमचं नाव असू द्या, प्रश्न आला तर उत्तर तुम्ही द्या. मॅनेजरना आधी सांगून, त्यांना डावलून नव्हे.

*कंपनीत कोणीच पात्रताधारक नाही.* छोट्या खासगी कंपन्यांत आणि स्टार्टअपमध्ये असं होतं. तेव्हा बाहेरचा पात्रताधारक चालतो: कंपनीचे ऑडिटर किंवा नियमित येणारे सल्लागार सीए. मात्र त्यांना तुमचं काम खरोखर ठाऊक हवं आणि त्यांनी तुमच्या लाइन मॅनेजरशी बोलून खात्री केलेली हवी. वर्षातून एकदा ऑडिटला येऊन व्हाउचर मागणाऱ्या आर्टिकलची ओळख पुरेशी नाही, सही करणाऱ्या सीएंची हवी.

सुपरवायझरना विनंती करताना नुसतं ‘सर, एक सही हवी होती’ असं म्हणू नका. काय करायचं आहे ते आधीच सांगा: ईमेलवर निमंत्रण येईल, नोंदणी करावी लागेल, स्वतःची संस्था आणि सदस्यत्व क्रमांक द्यावा लागेल, आणि पुढचे काही महिने प्रत्येक पीओवर तुम्ही लिहिलेली निवेदनं वाचून मंजूर करावी किंवा परत पाठवावी लागतील. एवढा वेळ त्यांच्याकडे नसेल तर ते आजच कळलेलं बरं.

*सावधान:* ‘पीओ लिहून देतो, सहीही मिळवून देतो’ असं सांगणारे लोक भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. ज्यांनी कधी पर्यवेक्षणच केलं नाही अशा सुपरवायझरच्या मंजुऱ्या आणि इतरांच्या निवेदनांशी जुळणारी निवेदनं, अशी अनेक प्रकरणं एसीसीएच्या शिस्तपालन समितीसमोर गेली आहेत. सदस्यत्व मिळून गेल्यावरही ते काढून घेतलं गेलं आहे, आणि असे निकाल नावासकट जाहीर होतात. ‘एजंटने लिहिलं, मला माहीत नव्हतं’ हे म्हणणं तिथे टिकत नाही, कारण दावा तुमच्या नावाने केलेला असतो.

टप्पा ३: नऊ पीओ निवडा

एकूण २२ पीओ आहेत. पहिले ५ सगळ्यांना सक्तीचे: नैतिकता, संबंधितांशी नातं, धोरण आणि नवीन कल्पना, प्रशासन-जोखीम-नियंत्रण, आणि नेतृत्व व व्यवस्थापन. उरलेल्या १७ तांत्रिक पीओंमधून कोणतेही ४ तुम्ही निवडायचे.

निवड कामावरून करा, आवडत्या पेपरवरून नाही. ऑडिट फर्ममध्ये असाल तर पीओ १८, १९ आणि २० (ऑडिटचं नियोजन, पुरावा गोळा करणं, आढावा आणि अहवाल) जवळजवळ हातात आलेले असतात. चौथा म्हणून पीओ १६, म्हणजे करविषयक पूर्तता आणि पडताळणी, किंवा पीओ ७, म्हणजे बाह्य आर्थिक अहवाल. खराडी किंवा हिंजवडीतल्या जागतिक कंपनीच्या केंद्रात जनरल लेजर आणि रिपोर्टिंग पाहत असाल तर पीओ ६, ७, ८ आणि १४ बघा. बजेट आणि फोरकास्टवाल्यांना १३ आणि १४ जवळचे, डेटा विश्लेषणाचं काम असेल तर २२. ट्रेझरीत असाल तर ९, १०, ११.

फक्त विक्रेत्यांची बिलं नोंदवणाऱ्यांची अडचण खरी आहे. त्या कामातून पीओ ६ मिळतो, देणी आणि पेमेंटचं नियोजन हाती असेल तर पीओ १०, पण पुढे गाडी थांबते. अशा वेळी पीओ ताणून बसवू नका, काम वाढवून मागा. महिनाअखेरीला तरतुदींची यादी करायला घ्या, टीडीएसच्या जुळवणीत बसा, ऑडिटरच्या प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे घ्या. साहेबांना कारण सांगितलं तर बहुतेक जण देतात, कारण त्यांचंही काम हलकं होतं.

सक्तीच्या पाचांत नवखे सगळ्यात जास्त घाबरतात ते नेतृत्वाला. ‘माझ्या हाताखाली कोणीच नाही’ म्हणतात. पीओ ५ ला टीम लीडरचा हुद्दा लागत नाही. गोदामातल्या साठ्याच्या मोजणीला दोन आर्टिकल तुमच्याबरोबर होते, रॅक कोणी मोजायचे ते तुम्ही ठरवलंत, दुपारी मोजणी मागे पडली तेव्हा माणसं हलवलीत, तर लिहायला तुमच्याकडे साहित्य आहे.

कंपनी एसीसीएची मान्यताप्राप्त नियोक्ता असेल आणि ‘ट्रेनी डेव्हलपमेंट’मध्ये गोल्ड किंवा प्लॅटिनम दर्जाची असेल, तर पीओंमधून सूट मिळू शकते. एचआरला विचारा. ३६ महिन्यांची अट मात्र तशीच राहते.

टप्पा ४: कामाची नोंद ठेवा

निवेदन लिहायला बसल्यावर आठवत नाही, ही सगळ्यांची तक्रार. दर शुक्रवारी निघण्यापूर्वी दहा मिनिटं द्या. एका साध्या एक्सेलमध्ये चार रकाने: काय अडचण होती, मी काय केलं, कोणाशी बोलले, पुढे काय झालं. पाचव्या रकान्यात हा प्रसंग कोणत्या पीओला लागू पडेल त्याचा क्रमांक.

‘महिनाअखेर केली’ अशी नोंद निरुपयोगी. ‘मार्चच्या वाहतूक खर्चाची तरतूद कमी पडत होती, ट्रान्सपोर्टरच्या न आलेल्या बिलांची यादी गेट पासवरून काढली’ ही नोंद वर्षानेही उपयोगी पडते.

*सावधान:* ऑफिसच्या फाइल्स स्वतःच्या मेलवर पाठवू नका. नोंदीत ग्राहकाचं नाव, जीएसटीआयएन, पॅन नको. ‘वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक ग्राहक’ एवढं पुरे. नैतिकतेच्या पीओत गोपनीयतेबद्दल लिहायचं आणि त्याच निवेदनात ग्राहकाचं नाव टाकायचं, हे सुपरवायझरच्या लगेच लक्षात येतं.

टप्पा ५: निवेदन लिहा

प्रत्येक पीओला ५ घटक असतात आणि पाचही तुमच्या कामातून पूर्ण झालेले असावे लागतात. त्यानंतर २०० ते ५०० इंग्रजी शब्दांत निवेदन लिहायचं. आधी घटक वाचा, त्यांच्यासमोर नोंदवहीतले प्रसंग मांडा, मग लिहायला घ्या. एखाद्या घटकासमोर काहीच नसेल तर तो पीओ अजून झालेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. थांबा आणि ते काम मिळवा.

पीओ १६ चं नेहमी दिसणारं निवेदन साधारण असं असतं (मराठीत देते):

‘कंपनीच्या जीएसटीचं काम माझ्याकडे होतं. सर्व तरतुदींचं पालन करून मी विवरणपत्रं वेळेवर भरली. यामुळे माझं करविषयक ज्ञान वाढलं आणि संस्थेला फायदा झाला.’

यात खोटं काही नाही, पण हे कोणीही, कुठेही बसून लिहू शकतं. आता तेच काम जवळून पाहा:

‘दर महिन्याला जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर बनणारं पत्रक) तयार झालं की ते खरेदी नोंदवहीशी ताडून पाहणं माझ्याकडे होतं. एका महिन्यात एका पुरवठादाराची तीन बिलं खरेदीत होती, पण २बीत दिसत नव्हती. मी आमच्या दुसऱ्या राज्यातल्या नोंदणीचं २बी तपासलं, तेव्हा ती तिथे सापडली. पुरवठादाराने चुकीचा जीएसटीआयएन टाकला होता. त्या बिलांचं क्रेडिट मी त्या महिन्याच्या ३बी विवरणपत्रातून बाहेर ठेवलं, फरकाचा तक्ता मॅनेजरना दाखवला आणि पुरवठादाराला दुरुस्ती करायला लावली. दुरुस्ती आमच्या २बीत दिसल्यावरच क्रेडिट घेतलं. त्यानंतर नवीन पुरवठादाराची नोंद करतानाच कोणत्या राज्याचा क्रमांक द्यायचा, हे खरेदी विभागाला लेखी कळवण्याची पद्धत मी सुचवली.’

दुसऱ्यात प्रसंग आहे, निर्णय आहे, आणि तो निर्णय कोणाचा होता ते कळतं. वाचणाऱ्या सीएंना तो महिना आठवतो, आणि ते निःशंकपणे मंजुरी देतात.

लिहिताना वारंवार होणाऱ्या चुका:

‘आम्ही’ची सवय. मराठी माणसाला ‘मी केलं’ म्हणायला संकोच वाटतो, पण इथे टीमची गोष्ट चालत नाही. टीमने काय केलं ते एका वाक्यात, उरलेलं सगळं ‘मी’.

पुस्तकी व्याख्या. नैतिकतेच्या पीओत पाच मूलभूत तत्त्वांची यादी देऊन निम्मी जागा घालवू नका. मार्चचं बिल एप्रिलमध्ये टाकायला तुम्हाला सांगितलं गेलं आणि तुम्ही काय उत्तर दिलंत, ते लिहा.

एकच प्रसंग तीन पीओंत. एका मोठ्या कामातून दोन पीओ निघू शकतात, पण प्रत्येकात त्या कामाची वेगळी बाजू हवी.

मैत्रिणीचं निवेदन समोर ठेवून ‘थोडं बदलणं’. दोघी एकाच टीममध्ये एकच काम करत असलात तरी निवेदन प्रत्येकीचं स्वतःचंच असलं पाहिजे. इंटरनेटवरचे नमुने किंवा एआयने तयार केलेला मजकूर चिकटवणं हीसुद्धा त्याच वाटेवरची चूक. नमुना डोळ्यासमोर असला की आपला प्रसंगही त्याच्यासारखा वळतो, म्हणून मी तर सांगेन की नमुने वाचूच नका. तुटक इंग्रजीत लिहिलेला खरा प्रसंग गुळगुळीत उसन्या परिच्छेदापेक्षा केव्हाही भक्कम असतो.

*इथे थांबून तपासा:* निवेदनातलं कंपनीचं नाव झाकलं, तर ते दुसऱ्या कोणाचंही असू शकतं का? उत्तर ‘हो’ असेल तर पुन्हा लिहा.

टप्पा ६: ऑनलाइन नोंद आणि मंजुरी

एसीसीएच्या संकेतस्थळावरच्या तुमच्या मायएसीसीए खात्यात ‘माय एक्सपीरियन्स’ उघडा. क्रम असा ठेवा: आधी नोकरी आणि तारखा, मग सुपरवायझर, त्यांची नोंदणी पूर्ण झाल्याची खात्री, आणि त्यानंतरच निवेदनं.

सुपरवायझर जोडताना त्यांची भूमिका विचारली जाते: आयफॅक पात्रताधारक लाइन मॅनेजर, आयफॅक पात्रताधारक बाहेरचा सुपरवायझर, की पात्रता नसलेला लाइन मॅनेजर. इथे चूक झाली तर पुढे मंजुरी भलत्याच माणसाकडे जाते. ईमेल शक्यतो त्यांचा कार्यालयीन द्या. निमंत्रण स्पॅममध्ये पडतं, म्हणून त्याच दिवशी फोन करून पाहायला सांगा.

नऊही पीओ एका रात्रीत पाठवू नका. तुमच्या साहेबांनी ते सगळे नीट वाचावेत ही अपेक्षा अवास्तव आहे, आणि ३६ महिन्यांच्या नऊ मंजुऱ्या एकाच दिवशी पडलेल्या दिसणं तुमच्याही हिताचं नाही. एखादा पीओ पूर्ण झाला की तो लगेच पाठवा. निवेदन शेरा मारून परत आलं तर तो अपमान समजू नका. शेऱ्याला उत्तर द्या, प्रसंग स्पष्ट करा, पुन्हा पाठवा.

टप्पा ७: नोकरी सोडण्याआधी

नोटीस पिरियड सुरू झाला की हस्तांतराच्या यादीत पीईआर सगळ्यात वर लिहा. तिथे पूर्ण झालेले महिने मंजूर, तिथल्या कामावरचे पीओ मंजूर, मग निरोपाचा केक. सुपरवायझर तुमच्या आधी कंपनी सोडत असतील तर हीच घाई त्यांच्या शेवटच्या दिवसाआधी करायची. जिथे ते तुमच्याबरोबर नव्हतेच, त्या काळातल्या कामावर त्यांची मंजुरी घेऊ नका.

नव्या ठिकाणी रुजू झालात की नवी नोकरी आणि नवे सुपरवायझर पहिल्या महिन्यातच जोडून टाका.

टप्पा ८: सदस्यत्वाचा अर्ज

३६ महिने आणि ९ पीओ मंजूर दिसले, परीक्षा आणि एथिक्स मॉड्यूल पूर्ण असलं, की मायएसीसीएमधूनच सदस्यत्वाचा अर्ज करता येतो. ‘पाठवलं’ आणि ‘मंजूर’ या दोन स्थितींत फरक आहे. अर्ज करण्याआधी प्रत्येक ओळ उघडून पाहा. अनुभवाच्या नोंदी पुढे तपासणीसाठी निवडल्या जाऊ शकतात, म्हणून ऑफर लेटर, रिलीव्हिंग लेटर, सुपरवायझरशी झालेले मेल आणि मंजूर निवेदनांच्या प्रती एका फोल्डरमध्ये जपून ठेवा.

सदस्य झाल्यावर येणाऱ्या १ जानेवारीपासून सीपीडीची (सतत चालणाऱ्या व्यावसायिक शिक्षणाची) जबाबदारी सुरू होते: वर्षाला ४० युनिट, त्यातले किमान २१ पुराव्यानिशी दाखवता येणारे. शुक्रवारच्या एक्सेलमध्ये त्यासाठी नवीन शीट उघडा.